लेकीच्या घरचं अन्न

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या रीतीचा विषय निघाला की आजही काही लोकांचे डोळे पाणावतात. काय ती जुनी माणसं, काय त्यांची माया, असं म्हणतात. मी तिथून उठून जाते. वय झालंय, हिला फार वेळ बसवत नसेल, असं लोकांना वाटतं. बसवतं मला चांगलं. ऐकवत नाही.

माझ्या वडिलांनी ही रीत माझ्यावर वर्षानुवर्षं चालवली, आणि तीही जयपुरात. वाईपासून इतक्या लांब, की तिथं ते जेवले काय आणि न जेवले काय, आमच्या नात्यातलं कुत्रंही विचारायला येणार नव्हतं. कुणी बघत नसताना पाळला तरच तो नियम, असं अण्णा म्हणत. मी म्हणायची, कुणी बघत नसताना तरी माणसाने शहाणं व्हावं.

अण्णा जुन्या वळणाचे असते तर मी इतकी चिडले नसते. आमच्या गल्लीत दाराला लिंबू-मिरची बांधणारे, ग्रहणात पाणी ओतून टाकणारे बाप पुष्कळ होते. त्यांच्या मुलींना आपल्याला काय मिळणार आणि काय नाही, हे लहानपणापासून माहीत असायचं. माझा बाप शाळेत विज्ञान शिकवायचा. जानवं त्यांनी माझ्या जन्माआधीच काढून खुंटीला अडकवलं होतं, आणि तिथून पुढे ते कुठे गेलं ते घरात कुणी विचारलं नाही. महारवाड्यातल्या मुलांसाठी चालवलेल्या वसतिगृहात ते दर रविवारी पंक्तीला बसून जेवायचे. त्यावरून चुलत्यांनी आम्हाला लग्नामुंजीला बोलवायचं बंद केलं, तर अण्णा म्हणाले, बरं झालं, आहेराचा त्रास वाचला. माझी आई मी लहान असतानाच गेली. तिचं सुतक त्यांनी पाळलं नाही; चौथ्या दिवशी शाळेत जाऊन उभे राहिले. लोकांनी तोंडात शेण घातलं. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

आई गेल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. स्वयंपाक स्वतः करायचे आणि मला शेजारी बसवून शिकवायचे. पिठलं करताना पाण्याला चांगली उकळी आल्याशिवाय पीठ पेरायचं नाही, हे मला कुठल्या बाईनं सांगितलेलं नाही, अण्णांनी सांगितलं. आणि पेरायचं नाही म्हणजे का नाही, हेही सांगितलं. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीला ‘का’ विचारायची मुभा होती. मुभा कसली, सक्ती होती. मी काही निमूटपणे ऐकलं तर ते चिडायचे. “का ते विचार की! तुला तोंड दिलंय ना?” असं म्हणायचे.

त्यांनी मला बडोद्याला गृहविज्ञान शिकायला पाठवलं. मग जयपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारं, गोरंगोमटं, कमी बोलणारं स्थळ आलं आणि माझं लग्न ठरलं. लग्न नोंदणी पद्धतीने झालं. कन्यादान करायला अण्णांनी साफ नकार दिला. माझी मुलगी काय गाय आहे का, असं त्यांनी माझ्या सासऱ्यांना तोंडावर विचारलं. त्या दिवशी मला बापाचा असा अभिमान वाटला, की पुढची कितीतरी वर्षं मी त्या अभिमानावर जगले.

जयपुरात आम्ही सिव्हिल लाइन्सच्या मागच्या बाजूला भाड्याने राहत होतो. खाली आमच्या दोन खोल्या आणि एक अरुंद स्वयंपाकघर, वरती मालकीणबाई. त्या विधवा होत्या. त्यांची एकुलती मुलगी सांगानेरला दिलेली. मलाही मुलींच्या कॉलेजात नोकरी लागली होती. घर माझं होतं, म्हणजे अर्धं भाडं मी भरायची, पडदे मी शिवले होते, स्टोव्हची पिन कुठे असते ते मला एकटीला माहीत होतं. घर आणखी कशानं आपलं होतं ते मला ठाऊक नाही.

पहिल्या उन्हाळ्याच्या सुटीत अण्णा आले. मी पहाटेपासून ओट्याशी. वरण, भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आणि जयपुरात मिळत नाही म्हणून सासरहून मागवून ठेवलेल्या आंबेमोहोराचा वास घरभर. अण्णांनी आंघोळ केली, ह्यांच्याशी कॉलेजच्या गप्पा मारल्या.

“अण्णा, चला, पान वाढलंय,” मी म्हटलं.

“तुम्ही दोघं बसा. मी बाहेर बघतो काहीतरी,” ते म्हणाले.

“बाहेर कशाला?”

“अजून मला इथं चालत नाही पोरी. नातवंड होऊ दे, मग हक्काने जेवीन.” असं म्हणून ते आशीर्वाद दिल्यासारखे हसले. हे लाजले. मी मोठ्याने हसले, कारण मला वाटलं, ते गावातल्या भटजीबुवांची नक्कल करताहेत. त्यांना नकला छान यायच्या. मग त्यांनी चपला पायात सरकवल्या तेव्हा माझं हसू थांबलं.

बाहेर भाजून काढणाऱ्या वाऱ्याची लू चालली होती. रस्त्यावर कुत्रीसुद्धा नव्हती. मालकीणबाईंनी जिन्यातून सगळं ऐकलं असणार, कारण त्या पदर सावरत खाली आल्या आणि म्हणाल्या, “बाबूजी धरम जाणै छै. ऊपर आओ, म्हारै जीमो. म्हे तो बेटी का घर को पाणी भी कोनी पीवां.”

त्या खरंच लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. सांगानेरला मुलीकडे जाताना बसमध्ये पाण्याची सुरई मांडीवर घेऊन बसायच्या, आणि मुलीच्या दारात बसून स्वतःच्या सुरईतलं पाणी पिऊन परत यायच्या. याचं त्यांना दुःख नव्हतं. सुरई जरा जड होते, एवढीच तक्रार.

अण्णा वर गेले. जातपात, सोवळं, सुतक, सगळं झुगारून दिलेला माझा बाप अनोळखी बाईच्या चुलीपुढे मांडी घालून जेवला, आणि मी खाली त्यांच्या वाढलेल्या ताटासमोर बसून वरचं ऐकत राहिले. फुलका घ्या, आणखी घ्या, बस बस बहुत हो गया. त्यांचं हिंदी भयंकर होतं. बाई खळखळून हसत होत्या. मला दोघांचाही राग आला, आणि तो कधीच गेला नाही.

त्यानंतर ते दर वर्षी आले आणि दर वर्षी पहिल्या दिवशी मी त्यांचं ताट मांडलं. त्यात मायेचा भाग थोडा होता, भांडणाचा जास्त. मी पाट मांडायची, पाणी ठेवायची, मीठ-लिंबासकट सगळं वाढायची, आणि बाजूला उभी राहायची. ते ताटाला नमस्कार करायचे आणि जिना चढायचे. मग उरलेल्या मुक्कामात त्यांचं जेवण वरच.

मी त्यांना छळायचीही. चहा चालायचा, कारण चहा अन्न नव्हे. केळं चालायचं. भाजलेले शेंगदाणे चालायचे. चिवडा चालायचा नाही.

“चिवड्यातले शेंगदाणे वेचून दिले तर?” मी विचारायची.

“फोडणी लागलेली असते.”

“मतलब फोडणीनं बिघडतं?”

“मतलब मतलब करू नकोस. मराठीत भांड.”

मराठीत भांडले. म्हटलं, ज्यांनी कन्यादान केलं ते म्हणतात की दान दिलेल्या वस्तूचं परत खाऊ नये. पटत नाही, पण निदान तिथं काहीतरी दिल्याघेतल्याचा हिशेब आहे. तुम्ही तर दान केलंच नाहीत. मग तुमचा नियम उभा कशावर आहे?

त्यावर त्यांनी शांतपणे, वर्गात समजावून सांगावं तसं सांगितलं. हा नियम धर्माचा नाही, व्यवहाराचा आहे. बाप लेकीच्या घरी येऊन ठाण मांडतात, जावयाच्या जिवावर बसून खातात, आणि त्याचे टोमणे लेकीला ऐकावे लागतात. म्हणून शहाण्या माणसांनी बापाच्या तोंडालाच कुलूप घातलं. हा नियम लेकीच्या बाजूचा आहे.

“मग मूल झाल्यावर कुलूप का उघडतं?”

“मूल झालं की तुझं त्या घरातलं स्थान पक्कं होतं. मग कुणी काही बोलू शकत नाही.”

“आणि आत्ता ते कच्चं आहे?”

हे शेजारी पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. मी विचारलं, या घरात मला कोण बोलतं? हे? यांनी तोंड कधी उघडलंय? अर्धा पगार माझा येतो. मला इथून कोण उठवणार आहे? अण्णा म्हणाले, तसं नव्हे. पण तसंच होतं. ज्या माणसाने मला गाय म्हणू दिलं नाही, त्याच्या मनात मी दुसऱ्याच्या गोठ्यातच बांधलेली होते, आणि वासरू होईपर्यंत तिथंही माझा भरवसा नव्हता. हे त्यांनी कधी शब्दांत म्हटलं नाही. दर वर्षी जिना चढून मात्र दाखवलं.

ह्यांनी एकदा मधला मार्ग सुचवला. काही घरांत बाप ताटाखाली रुपया ठेवून जेवतो, म्हणजे फुकट खाल्लं असं होत नाही. मी म्हटलं, मी खानावळ उघडलेली नाही. अण्णांनाही तो मार्ग आवडला नाही. ती लबाडी झाली, असं ते म्हणाले. या एका बाबतीत आम्हा बापलेकीचं एकमत होतं.

निवृत्त झाल्यावर ते एका वर्षी गणपतीत आले. जयपुरातली मराठी कुटुंबं तेव्हा एका शाळेचा हॉल घेऊन गणपती बसवायची. कॉलेजातले, इस्पितळातले, छावणीतले अधिकारी, सगळे यायचे, आणि जेवणाचे जिन्नस घराघरांत वाटून दिलेले असायचे. माझ्याकडे मसालेभात होता. तो मी सकाळी माझ्या घरी, माझ्या स्टोव्हवर, माझ्या पातेल्यात केला आणि टांग्यातून हॉलवर नेला. अण्णा पंक्तीला बसले. मी वाढत होते. त्यांनी भात दोनदा मागून घेतला.

“झकास झालाय,” ते म्हणाले.

“माझ्या घरचा आहे,” मी म्हटलं. “सकाळी तिथं चालला नसता.”

“इथं तो सगळ्यांचा आहे.”

तेच तांदूळ, तेच हात. टांग्यातून थोडा प्रवास झाला एवढ्यावर तो भात माझा राहिला नाही, म्हणून बापाच्या घशाखाली उतरला. मी वाढायचं भांडं तिथंच खाली ठेवलं. शेजारी एका डॉक्टरांच्या पत्नी कोशिंबीर वाढत होत्या. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गोड आवाजात म्हणाल्या, “होईल हो लवकर. देवाच्या मनात आलं की वेळ लागत नाही.” मग पंक्तीतल्या सगळ्या बायकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. तोवर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. अण्णांचं ते ताट न शिवणं म्हणजे माझ्या वांझपणाची दवंडी होती, आणि ती पिटणाऱ्याला वाटत होतं की आपण लेकीची बाजू घेतोय. त्या बाईशी मी पुढे कधी धड बोलले नाही. तिला कारणही कळलं नसेल.

मला दिवस राहत नव्हते असं नाही. राहिले होते, आणि गेले होते. हे अण्णांना माहीत नव्हतं. सांगण्यासारखं आमच्यात काही उरलं नव्हतं, ताटावरून भांडण्यापलीकडे.

पण नंतर प्रश्न ताटाचा राहिला नाही. अण्णांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढला. वाईच्या घरात ते एकटेच. एकदा दूध तापवताना त्यांनी हात भाजून घेतला आणि शेजाऱ्यांनी आम्हाला कळवलं. हे मुद्दाम वाईला गेले आणि म्हणाले, अण्णा, आता आमच्याकडेच चला, कायमचे. अण्णा तयार होते. मनापासून तयार होते, असं हे परत येऊन म्हणाले. पण जेवणाचं काय? पाहुणा म्हणून वर जेवणं वेगळं. जन्मभर मालकीणबाईंच्या चुलीवर कसं जेवणार? आणि मुलीच्या घरी राहून रोज बाहेरून डबा आणायचा, हे शोभेल का?

“मग काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, तिला मूल होऊ दे, लगेच येतो.”

म्हणजे माझ्या बापाचं म्हातारपण कुठे जाणार, त्यांना वेळेवर गरम भात कोण वाढणार, त्यांचा डोळा जयपूरच्या मोठ्या इस्पितळात कोण दाखवणार, हे सगळं माझ्या पोटावर येऊन थांबलं. मला मूल हवं होतं. पण मूल हवं असणं आणि बापाच्या तोंडाची किल्ली म्हणून मूल हवं असणं, या दोन गोष्टी नंतर मला वेगळ्या करता येईनात, आणि हे मी त्यांना कधीही माफ करणार नाही.

मग एकदा दिवस राहिले ते टिकले. मी कॉलेजातून रजा घेतली. मालकीणबाई वरून गोंदाचे, म्हणजे डिंकाचे लाडू पाठवू लागल्या. मला मुलगा झाला. ह्यांनी इस्पितळातूनच वाईला तार केली. अण्णांनी त्याच दिवशी बोचकं बांधलं असणार, कारण दुसरी तार पोचली तेव्हा घराला कुलूप होतं.

दुसरी तार बाळ गेल्याची होती. त्याला श्वास नीट घेता येत नव्हता. त्याचं तोंड मी पाहिलं, त्याला कुशीत घेतलं, आणि मग इस्पितळातली माणसं त्याला घेऊन गेली. त्याविषयी मी आणखी लिहिणार नाही.

मी हट्ट करून घरी आले. इस्पितळात सगळीकडे दुसऱ्यांची बाळं रडत होती. अण्णांची गाडी पोचली तेव्हा हे स्टेशनवर गेले आणि फलाटावरच त्यांना सांगितलं. अण्णा घरात शिरले ते भिंतीला हात लावत शिरले. माझ्या खाटेवर बसले. माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि रडले. मी त्यांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांचा माझा राग त्या वेळी कुठे गेला, मला कळलं नाही. ते माझे अण्णा होते आणि मला फक्त तेच हवे होते.

दुपार झाली. वरून मालकीणबाईंनी हाक मारली, “बाबूजी, ऊपर आ जाओ, जीम लो.”

अण्णा उठून दारात गेले आणि त्यांच्या त्या भयंकर हिंदीत म्हणाले, “नहीं बाई. आज हम नीचे खाएगा. बेटी के पास.”

मी खाटेवर उठून बसले. मला वाटलं, मोडलं. एकदाचं मोडलं. असल्या दुःखात त्यांना कळलं की नियम काय आणि लेक काय. माझं बाळ गेलं होतं आणि मला आनंद झाला. हे कसं शक्य आहे असं कुणी विचारील, त्याला मी काय सांगणार, तो झाला. हे नको नको म्हणत असताना मी कंबर आवळून बांधली, ह्यांना स्टोव्ह पेटवायला सांगितला आणि पिठलं-भात केला. उभं राहवत नव्हतं, तर ओट्याला टेकून केला. पाट मांडला. ताट वाढलं. अण्णा येऊन बसले. पहिल्यांदाच त्यांनी ताटाला नमस्कार केल्यावर उठायची हालचाल केली नाही. त्यांनी पिठलं भातात कालवायला घेतलं.

“बघ पोरी,” ते म्हणाले. त्यांचा आवाज फार मऊ होता. “त्यानं जाता जाता एवढं तरी केलं. आता मला चालतं.”

मला आधी समजलंच नाही. “कुणी काय केलं?”

“बाळानं. राहिलं नाही बिचारं, पण झालं तर होतं ना. नातवंड झालं. आता मी इथं जेवू शकतो. राहायलाही येतो मी. तू एकटी नाहीस. वाईचं घर बंद करतो आणि येतो.”

ते मला धीर देत होते. दुष्टपणाने बोलले असते तर बरं झालं असतं. मला लगेच ओरडता आलं असतं. त्यांनी तो सगळा रेल्वेचा प्रवास नातवाच्या आनंदात केला होता, फलाटावर तो संपला, आणि स्टेशनवरून घरी येईपर्यंत टांग्यात बसून त्यांनी हिशेब मांडला होता. मूल मेलं. पण नियमाची अट पुरी झाली. त्यात त्यांना माझ्यासाठी सुख दिसलं.

“अण्णा, थांबा,” मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली.

“मला मूल झालंच नाही असं समजा.”

“अगं, असं काय बोलतेस?”

“समजा. मला मूल झालेलं नाही. कधी होणारही नाही. तुम्हाला भूक लागलीय आणि मी तुमची मुलगी आहे. एवढ्यावर जेवाल?”

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दारात उभे होते.

“झालं ते झालं,” अण्णा म्हणाले. “नाही कसं समजायचं?”

“एका घासापुरतं समजा. तेवढा एक घास माझा म्हणून खा. बाकीचं ताट मग त्याच्या नावाने खा, मी काही म्हणणार नाही.”

त्यांचा हात भातात होता. एक घास. मी त्याहून जास्त काही मागत नव्हते. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघत राहिले. त्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, भीती होती. सुतकात शाळेत जाऊन सगळ्या गावाविरुद्ध उभा राहिलेला तो माणूस भाताच्या एका घासाला भ्यायला होता. त्यांनी हात मागे घेतला.

“तू आत्ता भानावर नाहीस,” ते म्हणाले.

“आहे मी भानावर. का नाही जेवणार तेवढं सांगा.”

“प्रत्येक गोष्टीला का विचारायचं नसतं.”

हे अण्णा म्हणाले. माझे अण्णा. मी त्यांच्यापुढचं ताट माझ्याकडे ओढलं.

“मग तुम्हाला अजून चालत नाही,” मी म्हटलं. “वर जा.”

ते भिंतीचा आधार घेऊन उठले, मोरीत हात धुतला, आणि गेले. जिन्यावर त्यांना पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. हे हात द्यायला धावले. मी नाही गेले. तो मुक्काम आटोपून ते वाईला परतले आणि पुन्हा जयपूरला आले नाहीत. मोतीबिंदू तसाच राहिला. शेजारच्या घरातून त्यांना डबा येत असे, आणि ते वाईतच गेले. आम्हाला पुढे मूल झालं नाही. म्हाताऱ्या बापाला ताटावरून उठवलं, अशी माझी ख्याती सासर-माहेर दोन्हीकडे झाली. कशी राक्षसीण असेल, दुःखाने डोकं फिरलं असेल, थोडं गिळलं असतं तर म्हातारा सुखाने लेकीपाशी मेला असता, असं लोक म्हणाले. गिळलं असतं तर दर दुपारी त्यांना वाढताना मी माझ्या मेलेल्या पोराचा परवाना त्यांच्या हातात दिला असता, आणि त्याची किंमत म्हणून ते माझ्या घरी राहिले असते. असला बाप मला घरात नको होता. मी आजही तेच म्हणते.

ते जिना चढून गेल्यावर मी त्यांच्या पाटावर बसले. कालवलेला भात समोर होता. हे परत आले आणि म्हणाले, “अगं, ते त्यांचं उष्टं आहे. ठेव, मी दुसरं वाढतो.”

“उष्टं कसं? त्यांनी तोंडच लावलं नाही,” मी म्हटलं.

भात गार होत आला होता. पोलकं दुधाने पुढून भिजून गेलं होतं आणि दूध थांबत नव्हतं. मी पदर ओढून घेतला आणि ते सगळं ताट जेवले.